बर्वे डॉक्टरांचे पंत

आमचे शेजारी डॉक्टर बर्वे यांना काहीही विचारा, ते आधी देवघराकडे बघतात. "थांबा, पंतांना विचारतो."

पंत म्हणजे संत पँटेलिमॉन, फार जुन्या काळातले एक ख्रिस्ती वैद्य. हे नाव पुण्याच्या जिभेवर बसेना, म्हणून डॉक्टरांनी त्याचं 'पंत' केलं आणि इथे परदेशात, हॉर्नबीतल्या घरात गणपतीशेजारी त्यांची तसबीर लावली.

"नीट बघा," ते सांगतात, "एका हातात औषधांची पेटी, दुसऱ्यात चमचा. आपल्या देवांच्या हातात काय? गदा, परशू, त्रिशूळ! पेशंट घाबरेल नाहीतर काय! आणि हा माणूस फी घ्यायचा नाही. बाकीचे डॉक्टर खपवून घेतील? त्यांनीच राजाकडे चुगली केली."

पुढची गोष्ट ते मोज्यांवर जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून, हातवारे करत सांगतात.

"उकळत्या शिशात घातलं, शिसं गार पडलं! गळ्यात धोंडा बांधून समुद्रात टाकलं, धोंडा तरंगला. वाघसिंह सोडले, ते पाय चाटत बसले. अहो, इतकं नालायक सरकारी खातं मी पुण्यातसुद्धा पाहिलं नाही! शेवटी मान उडवायला गेले, तर तलवार मेणासारखी वाकली. तेव्हा पंतच म्हणाले, उरका रे बाबांनो, तुम्हालाही घरी जायचं असेल. मग कुठे मान तुटली, आणि रक्ताऐवजी आलं दूध."

एवढं सांगून ते केशर-वेलचीचं गरम दूध आपल्या हातात देतात. जुलैच्या शेवटी पंतांचा दिवस असतो, तेव्हा सगळ्या गल्लीला हा प्रसाद. माझी मुलगी इरा पहिल्या वर्षी म्हणाली, "काका, दॅट्स सो ग्रॉस!" आणि आणखी एक कप मागून प्यायली.

"तुम्ही बाटलात की काय?" मी एकदा विचारलं.

"छे! पंतांनी कधी विषयच काढला नाही. आमचं नातं सहकाऱ्यांचं."

माझ्या मावशी पुण्याहून आल्या होत्या. तसबिरीपुढे हात जोडून म्हणाल्या, "हे कुठले महाराज?"

"वैद्यबुवा. मूळचे तुर्कस्तानकडचे."

"गुडघ्याचं बघतात का?"

डॉक्टरांनी तसबिरीकडे कान लावला. "वजन कमी करा म्हणतात."

यंदा डॉक्टरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, गाडी चालवायला बंदी. पंतांच्या दिवशी दुपारी थर्मास घेऊन दारात आले. "जरा रेस्ट होमला सोडाल? तामाराबाईंना दूध द्यायचंय."

तामाराबाई म्हणजे त्यांच्या जुन्या पेशंट, मूळच्या रशियाच्या. ती तसबीर त्यांनीच दिलेली, हे मला गाडीत कळलं. "आता त्यांना काही आठवत नाही," डॉक्टर म्हणाले. "स्वतःचं नावसुद्धा नाही."

वृद्धाश्रमातल्या खोलीत म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. डॉक्टरांना पाहिल्यावर तिचा चेहरा उजळला. तिनं छातीवर क्रूस काढला आणि डॉक्टरांच्या हाताचं चुंबन घेतलं. "पँटेलिमॉन!"

"किआ ओरा डॉक्टर," तिथली नर्स इथल्या पद्धतीचा नमस्कार करत हसली, मग हळूच मला म्हणाली, "तिला वाटतं, संतच आलेत."

मी डॉक्टरांच्या विनोदाची वाट पाहत राहिले. त्यांनी विनोद केला नाही. स्टूल ओढून तिच्यासमोर बसले, कप तिच्या ओठांना लावला. ती घोट घोट प्यायली. मग तिचा हात त्यांच्या कॉलरकडे गेला. मानेभोवती बोटं फिरवत, काहीतरी चाचपत, तिनं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "अजून दुखतं?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "थोडंसं."

तिनं त्यांना जवळ ओढलं आणि लहान मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालावी तशी मानेवर फुंकर घातली. डॉक्टर मान खाली घालून तसेच बसून राहिले.

मी त्यांना परत घेऊन आले. घरापाशी आल्यावर ते उतरेनात. त्यांच्या पत्नी नलिनीकाकू गेल्यापासून आम्ही त्यांना कितीदा जेवायला बोलावलं असेल. दर वेळी "फ्रीजमध्ये आहे हो" म्हणून टाळायचे.

"आज काय केलंय तुमच्याकडे?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"पिठलं-भात."

"येतो मग," ते म्हणाले, आणि मी गाडी बंद करायच्या आत आमच्या दाराकडे चालू लागले.