गाडीत बसणार नाही

"अहो, रुमाल घ्या बरोबर. खिडकीतून धूळ येते," रविवारी पहाटे पाच वाजता सुमतीबाई म्हणाल्या.

मधुसूदनरावांनी बुटाची नाडी बांधता बांधता वर पाहिलं. "कोणत्या खिडकीतून?"

"गाडीच्या."

टोमणा अगदीच निराधार नव्हता. एकवीस किलोमीटरच्या त्या शर्यतीत सगळ्यांच्या मागून एक गाडी येते आणि वेळेत पोचण्याची आशा नसलेल्यांना गोळा करते. मधुसूदनराव सदुसष्ट वर्षांचे होते. ते जे करतात त्याला धावणं म्हणावं का, यावर घरात मतभेद होते. दोन वर्षं ते त्या गाडीतूनच परतले होते. पहिल्या वर्षी शेजारी श्रीधर होता, चाळीस वर्षांपासूनचा मित्र. दोघं संत्री सोलत सहलीला निघाल्यासारखे आले. गेल्या वर्षी श्रीधर नव्हता. त्याच्या जागेवर कुणीतरी पाण्याच्या बाटल्यांचं खोकं ठेवलं होतं. तेव्हाच मधुसूदनरावांनी ठरवलं, यापुढे काहीही होवो, गाडीत बसायचं नाही.

शर्यत साडेसहाला सुटली. साडेदहाच्या आत कस्तुरचंद पार्कवर पोचायचं होतं. दहा वाजता मधुसूदनराव व्हरायटी चौकात आले तेव्हा पुढे एकही धावपटू दिसत नव्हता आणि मागे गाडी घुरघुरत होती. दीड किलोमीटर उरला होता. जमण्यासारखं होतं. तेवढ्यात बाजूच्या रस्त्यानं मोर्चा आला.

विधिमंडळाच्या अधिवेशनाचे दिवस होते. यंदा कामकाज रविवारीही ठेवल्यामुळे मोर्चेही रविवारी निघाले होते. हा मोर्चा गावोगावच्या वाचनालयांत अर्धवेळ काम करणाऱ्यांचा होता. वाचनालयातल्या सवयीमुळे त्यांच्या घोषणा कुजबुजल्यासारख्या चालल्या होत्या. मोर्चा नेमका मधुसूदनराव आणि गाडी यांच्यामध्ये शिरला. गाडी मागे अडकली याचा त्यांना आनंद झाला. पाच मिनिटांनी लक्षात आलं, की आपण मोर्चाच्या सर्वांत पुढे चाललो आहोत.

त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर आयोजकांनी ठळक अक्षरांत छापलं होतं, 'आता थांबणार नाही!' मागच्या चारशे लोकांनी ते वाचलं. वाचन हाच त्यांचा प्रांत होता.

मोर्चाची पुढारी सरिताताई भराभर चालत त्यांच्या बरोबरीला आली. "काका, कधीपासून चालून राहिले?"

"साडेसहापासून. वीस किलोमीटर झाले."

"बापरे! अहो ऐका, काका वीस किलोमीटर पायी आले!"

नरखेडकडच्या एका वाचनालयातला म्हातारा शिपाई धोंडबा ओशाळला. "मी तं एसटीनं आलो गा भाऊ. लाजच वाटून राहिली मले. एकटेच आले काय?"

"मित्र असायचा बरोबर. तो गेला."

धोंडबानं टोपी काढली. "आंदोलनात?"

"नाही हो. हार्ट अटॅकनं."

"तेच ते," धोंडबा म्हणाला.

एका वाहिनीची बातमीदार माइक घेऊन उलट्या पावलांनी त्यांच्यापुढे चालू लागली. "आजोबा, सरकारला काही इशारा?"

"सरकारला काय? मला साडेदहाच्या आत पोचायचं आहे."

"आणि नाही पोचलात तर?"

"तर पुढच्या वर्षी पुन्हा येईन."

मोर्चात टाळ्यांचा कडकडाट झाला.

टी पॉइंटवर पोलिसांचे कठडे होते. कस्तुरचंद पार्क कठड्यांच्या पलीकडे होतं. फौजदार म्हणाले, "फक्त पाच जणांचं शिष्टमंडळ सोडतो. बाकीच्यांनी इथंच थांबायचं."

"साहेब, मी मोर्चातला नाही. मी मॅरेथॉनमधला आहे," मधुसूदनराव म्हणाले.

"काका, काल एक जण 'मी वरातीतला' म्हणाला. त्याच्या खिशात निवेदन सापडलं."

"काकांचं नाव पहिलं लिहा!" सरिता ओरडली. दहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. मधुसूदनरावांनी मुकाट्यानं नाव सांगितलं.

फौजदारांनी व्हॅनचं दार उघडलं. "बसा. पाच मिनिटांत मंत्रीसाहेबांच्या बंगल्यावर."

"गाडीत बसणार नाही."

"काहून?"

"बसलो तर इथवर आलेलं सगळं वाया जाईल."

मागचे चारशे अर्धवेळ कर्मचारी नोकरीत पहिल्यांदाच पूर्ण आवाजात ओरडले, "गाडीत बसणार नाही! बसणार नाही, बसणार नाही!" कॅमेरे वळले. फौजदारांनी घाम पुसला.

"बरं बाप्पा, पायी चला. रस्ता पार्कवरूनच जातो. गाडी मागून येईल."

आणि पुन्हा एकदा मधुसूदनरावांच्या मागे एक गाडी घुरघुरू लागली.

पार्कवर स्वयंसेवक शेवटच्या रेषेवरची कमान उतरवत होते. मधुसूदनरावांनी लांबूनच "थांबा!" अशी आरोळी ठोकली आणि खरोखर धावायला लागले. ते धावतात म्हणून सरिता धावली, धोंडबा धावला, शिष्टमंडळातले उरलेले दोघं धावले. शिष्टमंडळ पळालं असं वाटून फौजदारही धावले. दहा वाजून अठ्ठावीस मिनिटांनी सहाही जणांनी रेषा ओलांडली. सकाळपासून कंटाळलेल्या स्वयंसेविकेनं कुणाला काही न विचारता सहा जणांच्या गळ्यात सहा पदकं घातली.

"अठरा वर्षं मोर्चे काढून हाती लागलेली पहिली ठोस वस्तू," सरिता पदकाचं वजन करत म्हणाली.

मधुसूदनरावांनी पदक उलटंसुलटं करून पाहिलं. मग सवयीनं शेजारी पाहिलं. शेजारी धोंडबा धापा टाकत होता.

"झालं काय गा भाऊ? मागणी मान्य झाली काय?"

"माझी झाली," मधुसूदनराव म्हणाले.

फौजदारांनी पदक शर्टाच्या आत सरकवलं. "आता तरी बसाल का, काका? यादीत पाच नावं आहेत, पाच माणसं दाखवावी लागतील मले."

"आता बसतो," मधुसूदनराव म्हणाले आणि अगदी समाधानानं बसले.

बंगला आला. चौघं उतरले. मधुसूदनरावांचे गुडघे मात्र साडेतीन मिनिटांत लाकडासारखे झाले होते.

"चला काका, उठा."

"उठवत नाही हो."

फौजदारांनी वायरलेसवर कळवलं, "एक जण उठत नाहीत." फाटकावर त्याचं 'उठायला तयार नाहीत' झालं आणि आतल्या दालनात 'ज्येष्ठ नेत्याचा गाडीतच ठिय्या' असं पोचलं. बाहेर कॅमेरे होतेच. दोन मिनिटांत मंत्री स्वतः व्हॅनच्या दाराशी आले.

"बोला आजोबा, काय मागणी आहे?"

"मला फक्त उभं करा, साहेब," मधुसूदनराव कळवळून म्हणाले.

"अन् आमची वाचनालयंही!" सरितानं संधी साधली.

मंत्र्यांनी निवेदन घेतलं, मधुसूदनरावांचा हात दोन्ही हातांत धरला आणि कॅमेऱ्याकडे पाहिलं. "आपल्याला उभं केल्याशिवाय हे शासन स्वस्थ बसणार नाही." मग त्यांनी हात सोडला, नमस्कार केला आणि ते आत गेले. कॅमेरेही गेले.

मधुसूदनराव होते तिथंच बसून होते.

"हे असं होते पाहा," धोंडबा व्हॅनमध्ये चढत म्हणाला. त्यानं त्यांच्या काखेत हात घातला. "चाल भाऊ, धर मले. आपणच उठू."