मानद रुग्ण

"वैद्यकीय शिक्षण ही मानवजातीच्या दुःखनिवारणाची तपश्चर्या आहे," असं वडिलांनी चहाच्या कपाला उद्देशून जाहीर केलं आणि कप खाली ठेवायच्या आत विचारलं, "त्या नव्या कॉलेजच्या कमानीसमोर फोटो झकास येतो म्हणे. खरं का?"

धाकटीला दोन मेडिकल कॉलेजांत जागा मिळत होती आणि संध्याकाळी पाचच्या आत वडिलांच्या मोबाइलवरून एकाची निवड पक्की करायची होती. एक कॉलेज जुनं, भिंतींचे पोपडे निघालेलं, पण रुग्ण व्हरांड्यापर्यंत ओसंडून वाहणारं. दुसरं नवंकोरं, काचेचं, दारात कारंजं. धाकटीचा जीव जुन्यात अडकला होता. पण जिला डॉक्टर व्हायचं होतं, तिचं सोडून घरातल्या बाकी सगळ्यांचं मत विचारात घेतलं जात होतं.

वडिलांचं पडद्यांचं दुकान. माणूस असो, घर असो की संस्था असो, पारख पडद्यावरून. "जुन्यात एका खाटेला धड पडदा नाही," ते म्हणाले. "तिथं पोरगी शिकणार काय?"

"दाजी, नवं एकदा डोळ्यांखालून घाला," मामा म्हणाले. मामांनी कुठलंच शिक्षण पुरं केलं नव्हतं. त्यामुळे नात्यातल्या समस्त मुलांना शिक्षणाचा सल्ला तेच देत.

नव्या कॉलेजच्या रुग्णालयात शिरताच वडील हरखले. खाटांच्या रांगाच रांगा आणि प्रत्येक खाटेभोवती आकाशी पडदा. "अस्तरासकट!" कापड चिमटीत धरून ते पुटपुटले. धाकटीनं पडदा सारला. खाट रिकामी. शेजारचा सारला. तीही रिकामी.

"पेशंट कुठायत?" तिनं विचारलं.

"रुग्णांच्या बाबतीत तूर्त तांत्रिक उणीव आहे," टाय सावरत जनसंपर्क अधिकारी म्हणाले. "आणि नेमकी आजच तपासणी समिती येतेय. साहेब, आपल्यासारख्या प्रतिष्ठित पालकांना आम्ही मानद रुग्ण म्हणून दाखल करून घेतो. सन्मानानं."

वडिलांना आजवर कुणी मानद काहीच केलं नव्हतं. ते बूट काढून आडवे झाले. मामांची रवानगी जुनाट विकारांच्या विभागात झाली, याचं घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आई म्हणाली, "मला मेलीला काही झालेलं नाही."

"मग आपण चिंताग्रस्त नातेवाईक."

"ती मी लग्न झाल्यापासून आहेच," असं म्हणून आई स्टुलावर टेकली. धाकटीच्या अंगावर पांढरा कोट चढला.

समिती आली. समितीनं पडदे पाहिले, पडद्यांच्या कड्या पाहिल्या, आणि तेवढ्यात वडिलांच्या कुशीत कळ उठली. अगदी अस्सल, बिनअस्तराची. ते गुरासारखे ओरडले.

"अप्रतिम!" समितीचे अध्यक्ष म्हणाले. "गेल्या खेपेचे रुग्ण नुसते पडून होते."

"अहो, ह्यांना खरंच दुखतंय!" आईनं टाहो फोडला.

"नातेवाईकही दर्जेदार," अध्यक्षांनी शेरा दिला आणि समिती चहाला गेली.

धाकटीनं एका भारदस्त प्राध्यापकांना हाताला धरून ओढत आणलं. त्यांनी तिला पडद्याआड नेलं आणि ते कुजबुजले, "मुली, मी आजच्यापुरताच आलोय. मला इथली मुतारी सापडत नाहीये, औषधं कुठून सापडणार?" कमानीखाली रुग्णवाहिका लखलखत उभी होती. पहारेकरी आडवा आला. "हात लावू नका, ती दर्शनी आहे."

अखेर भाड्याची गाडी करून वरात जुन्या रुग्णालयात पोचली. तिथं खाट नव्हतीच. व्हरांड्यात गादी मिळाली. झोपेला पारखी झालेली एक शिकाऊ डॉक्टरीण लगबगीनं आली. "काका, नेमकं कुठं? इथं?" तिनं दाबलं. वडिलांच्या किंकाळीनंच उत्तर दिलं. "मुतखडा दिसतोय. ए कोटवाली, हात घट्ट धर यांचा." तिनं इंजेक्शन दिलं, पोटाच्या एक्स-रेची चिठ्ठी मामांच्या हातात कोंबली आणि मग धाकटीकडे वळली. "कितव्या वर्षाला आहेस गं?"

"पाच वाजता ठरायचंय."

"इथं ये. झोप मिळणार नाही, पण आजार सगळे मिळतील."

हळूहळू वडिलांची कळ ओसरली आणि वाचा परतली. धाकटीनं हात पुढे केला. "बाबा, मोबाइल द्या. मी इथलंच पक्कं करते."

"खबरदार! नव्यातच जायचंय."

"तिथं एक पेशंट नाही!"

"मग संसर्गाची भीतीही नाही."

"शिकवायला माणूस नाही, बाबा!"

"मग नापास कोण करणार?" मामांनी शंका निरसली.

"अहो, निदान पोरीला विचारा तरी," आई म्हणाली.

"विचारलं की. चुकीचं उत्तर दिलं तिनं." वडिलांनी बटण दाबलं. कारंज्याच्या चित्रासह अभिनंदनाचा संदेश आला.

धाकटीनं कोट काढून त्याची घडी केली. मग ती म्हणाली, "आणि उद्या परत दुखलं तर? माझ्या कॉलेजात नेऊ?"

वडील दचकले. डॉक्टरीण ऐकत नाही ना, हे पाहून त्यांनी धाकटीला जवळ बोलावलं. "हे बघ बाळ, तू डॉक्टर झालीस की मी गावभर मिरवीन. पण पोरांचं कॉलेज एकीकडं आणि आपलं दुखणं दुसरीकडं, हे सगळेच करतात. विचार कुणालाही. मला आपलं इथंच आण."

त्यांनी घसा खाकरला.

"फक्त गादीभोवती एखादा पडदा लाव. ओळखीचं कुणी पाहायला नको."