सान तादेओची रांगमुक्ती

सान तादेओ बंदराच्या दाराशी ट्रकांची रांग अकरा किलोमीटर झाली आणि तिचा धूर अध्यक्षांच्या बाल्कनीत शिरू लागला, तेव्हा रांग म्हणजे नक्की काय हे ठरवायला समिती नेमण्यात आली. मी बंदराचा प्रसिद्धी अधिकारी, म्हणून अहवाल लिहिण्याचा मान मला मिळाला. समितीने सहा महिन्यांनी निकाल दिला: दोन वाहनांमधलं अंतर पन्नास मीटरपेक्षा कमी असेल तरच ती रांग.

दुसऱ्या दिवशी ट्रक पन्नास-पन्नास मीटरांवर उभे केले. रांग संपली. फक्त तिचं शेपूट केळीच्या बागांपर्यंत पोचलं.

त्या शेपटाला एरास्मो तोमाला उभा होता. ट्रकमध्ये त्याच्या स्वतःच्या बागेची केळी होती, परदेशी निघालेला पहिलाच माल. शुक्रवारचं जहाज गाठायचं होतं, तेही केळी हिरवी असताना. पिवळं फळ जहाजावर घेत नाहीत.

"इंजिन बंद," धूरतपासणीचे इंजिनिअर बाल्देओन म्हणाले.

"साहेब, गारवा इंजिनावर चालतो. केळी पिकतील की!"

"गारव्याला मनाई नाही. इंजिनाला आहे."

"मग पुढे सरकू कसा? ढकलत नेऊ?"

बाल्देओननी नियमावली चाळली. "ढकलायला हरकत नाही."

आमच्याकडे कुणाचं घर बांधायचं असो की ओढा उपसायचा असो, सगळा गाव मिंगाला येतो. मजुरी नाही, नुसतं जेवण. एरास्मोच्या बायकोने, नार्सिसाने, मिंगाची हाक दिली आणि तीनशे माणसं धावून आली. अर्थात चालत कोण येणार? मोटरसायकली आल्या, पिकअप आल्या, दोन बस आल्या. सगळ्या ट्रकांमधल्या मोकळ्या जागेत लागल्या. नार्सिसाने माशाच्या रश्शाचं पातेलं चढवलं.

बाल्देओन टेप घेऊन आले. "ही रांग कुणी लावली?"

"अहो, रांग कसली? मदतीला आलेत बिचारे!" नार्सिसा डाव उगारून म्हणाली. "डोळे आहेत का बटणं?"

"मदत पन्नास मीटरांवर उभी करा."

केली. गाड्याही आणि माणसंही. एका ट्रकमागे एक माणूस आला आणि एकही ट्रक हलला नाही. शुक्रवारी जहाजाने भोंगा दिला तेव्हा एरास्मो मागचं दार उघडून उभा होता. केळी पिवळीधमक झाली होती. फोटो काढायला गेलेल्या मला त्याने एक दिलं. फार गोड होतं, आणि मला मान वर करवेना.

"पिकलेली केळी निर्यातीचा माल नव्हे," बाल्देओननी नोंद केली, "म्हणजे हा बंदराचा ट्रकच नव्हे. एक वाहन कमी."

"आणि माझं काय, इंजिनिअरसाहेब?"

"तुमचं अभिनंदन."

महिनाभरात सगळेच ट्रक असे कमी झाले. धूर शून्यावर आला आणि सान तादेओला स्वच्छ बंदराचं पारितोषिक मिळालं. रिकाम्या धक्क्यावर एकटा बगळा बसलाय, तो फोटो मीच काढलेला.

तो तुम्ही पाहिलात. "वा, किती स्वच्छ!" म्हणून मोबाइलवर अंगठाही दाबलात. ट्रक कुठे गेले असं विचारणारं पत्र अजून एकही आलेलं नाही. तुमच्या देशात केळी महागल्याबद्दल मात्र तुमचीच चार हजार आली आहेत.