हिमरूचे गहाळ दोनशे तीस ग्रॅम

“लिही,” आमचे हे म्हणाले, आणि हात पाठीमागं बांधून हॉलमध्ये फेऱ्या मारायला लागले. “राजेंद्र धोंडिबा वाहुळ. वजनमापं खात्यात एकतीस वर्षं अकरा महिने निष्कलंक सेवा. तराजूकडं नुसतं बघून किलोमागं दहा ग्रॅमची चोरी ओळखणारा डोळा. वाघाची छाती, घारीची नजर, कोल्ह्याची बुद्धी. मराठवाड्यातला पहिला आणि एकमेव शास्त्रशुद्ध गुप्तहेर.”

“एवढी जनावरं एका माणसात?” मी म्हणलं.

“सुलेखा, तू फक्त लिही.”

लिहिलं बाई. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पोरांना शुद्धलेखन घातलं, आता म्हातारपणी मला कुणीतरी घालतंय. पण ह्यांचं एवढंच. पुढचं मी माझ्या मनानं लिहितेय, कारण हे फेऱ्या मारता मारता दिवाणावर टेकले आणि कोल्ह्याची बुद्धी घोरायला लागली.

गुप्तहेरकीत ह्यांना दोन वर्षं झाली. आजवर दोन केसी. पहिली, जिन्यातून गायब झालेल्या चपलेची. ती ह्यांच्याच पायात सापडली. दुसरी, गच्चीवरच्या टाकीच्या झाकणाची. ते वाऱ्यानं उडालं होतं हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं, तरी ह्यांनी चौघांचे जबाब घेतले आणि एकाला ‘गाव सोडायचं नाही’ म्हणून बजावलं. ते गृहस्थ दुसऱ्याच दिवशी लग्नाला लासूर स्टेशनला गेले.

तिसरी केस हिमरूची. आमच्या समोरच्या दारात रूपाली राहते. शाळेत क्लार्क आहे, नवरा वाळूजला कंपनीत, शिफ्टचा माणूस. त्यांचा एकुलता एक सुयश यंदा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला आणि मागं आपलं गिनीपिग ठेवून गेला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, उंदराहून मोठं, सशाहून लहान, शेपूट नाही आणि दिवसभर खात बसायचं, असं ते जनावर. अंगावर पांढरी, तपकिरी, काळी नक्षी, म्हणून सुयशनं आमच्याकडच्या नक्षीदार हिमरू शालीवरून नाव ठेवलं हिमरू. आठवीत असताना आणलेला, आता पाच वर्षांचा झाला. त्यांच्यात हे म्हातारपण म्हणे.

गेल्या शनिवारी रूपाली पिंजरा घेऊनच आमच्याकडं आली.

“काका, हा वाळत चाललाय. सुयश गेला तेव्हा अकराशे ग्रॅम होता. आज आठशे सत्तर. दोन महिन्यांत दोनशे तीस ग्रॅम गेले कुठं?”

“डॉक्टर?” मी विचारलं.

“जवळच्या जनावरांच्या डॉक्टरकडं नेलं काकू. ते गाई-म्हशींवाले. म्हणाले, असल्यातलं मला कळत नाही, वय झालं असंल. पुढच्या शनिवारी सुयश येतोय. जाताना पोरानं एवढंच सांगितलं होतं, आई, माझ्या हिमरूला बघ. आता मी काय दाखवू त्याला? रोज व्हिडिओ कॉलवर समोरून धरते. समोरून तोंड गोल दिसतं. बाजूनं धरलं की बरगड्या.”

ह्यांच्या मिशा फुरफुरल्या. “दोनशे तीस ग्रॅम!” असं म्हणाले, की जणू कुणी बँक लुटली. “रूपाली, ही वजनाची केस आहे. आणि वजन म्हणलं की वाहुळ.”

“आधी त्या मुक्या जनावराला खायला घाला,” आतून आमच्या सासूबाई म्हणाल्या. मनकर्णाबाई. पिशोरहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आलेल्या, डोळ्यांवर काळा गॉगल, हातात खिचडीची वाटी आणि तोंडावर नाराजी. आठ दिवस मी त्यांना मऊ खिचडी देत होते आणि आठ दिवस त्या ती परत देत होत्या. “मोतीबिंदू डोळ्याला झाला सुलेखा, दाताला नाय,” असं रोज एकदा व्हायचंच.

“माय, तू यात पडू नको,” हे म्हणाले. “तुला दिसत नाही.”

पहिला संशय अर्थात काट्यावर. रिटायर होताना मिळालेली पितळी वजनांची पेटी ह्यांनी काढली, रूपालीच्या स्वयंपाकघरातला काटा टेबलावर ठेवला आणि त्यावर वजनं अशा हळुवारपणे ठेवली, की आमच्या लग्नात माळही एवढ्या प्रेमानं घातली नव्हती. शंभर ग्रॅमला शंभर. पाचशेला पाचशे. काटा बिनचूक निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच खरा काटा बघून ह्यांचा चेहरा पडला.

मग मोर्चा कडुबाकडं. कडुबाची भाजीची गाडी आमच्या कोपऱ्यावर असते आणि हिमरूची गाजरं तिथनंच जातात. खाणं कमी, म्हणून वजन कमी, असा ह्यांचा तर्क.

“कडुबा, काटा आण.”

“साहेब, दोन वर्षं झाली ना तुम्हाला रिटायर होऊन?”

“गुन्हेगाराच्या शोधाला रिटायरमेंट नसते.”

“आन गुन्हेगाराला? त्येला कवा मिळायची?” कडुबानं मुकाट्यानं अर्धा किलो गाजरं मोजून दिली. आमच्या काट्यावर भरली पाचशे पंधरा.

“पंधरा ग्रॅम जास्त!” हे ओरडले. “का? काय लपवतोस?”

“काय नाय साहेब, वर एक ठेवतो. बायामाणसं मागत्यात.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “पर रूपालीताईला जरा समजावा काकू. परवा म्हणत व्हत्या, किसायला कोवळी कोवळी निवडून दे. दगडासारखी चांगली गाजरं आणतो मी जाधववाडीच्या मार्केटातनं, आन ह्येंना लोणी पायजे.”

हे त्यातलं काही ऐकत नव्हते. ते वहीत ‘पंधरा ग्रॅम जास्त, हेतू अस्पष्ट’ असं लिहीत होते. मीसुद्धा ऐकून सोडून दिलं, हे कबूल करते. आम्ही दोन जुड्या मेथी घेऊन घरी आलो.

रविवारी तिसरा सिद्धांत निघाला: चोरी. हिमरूचं खाणं दुसरंच कुणीतरी खातंय. ह्यांनी त्याच्या ताटलीतल्या किसलेल्या गाजराला हळद चोळली. ज्याचं तोंड पिवळं, तो चोर. अर्ध्या तासानं सगळ्यांची तोंडं तपासली. हिमरूचं पांढरं. माझं रोजच्यासारखं. शेवटी आरशात बघितल्यावर मिशा पिवळ्या सापडल्या त्या ह्यांच्याच.

“विष आहे का बघायला चाखलं होतं,” म्हणाले.

“आणि असतं तर?”

गुप्तहेर मिशा धुवायला मोरीकडं गेले.

दुपारी म्हणाले, हा हिमरू नव्हेच, अदलाबदल झालीय! शाईचा पॅड आणला, चारही पंजांचे ठसे घेतले. हिमरू सटकला आणि रूपालीच्या पांढऱ्या सोफ्यावर इकडून तिकडं निळी नक्षी उठली. भिंग घेऊन हे ठशांवर वाकले.

“काका,” रूपालीनं हळूच विचारलं, “पण जुळवायला जुने ठसे कुठायत?”

ह्यांनी भिंग पुसायला घेतलं.

इथपर्यंत मी हसत होते. पण संध्याकाळी ह्यांनी पाचवा सिद्धांत काढला आणि मला राग आला, तो खरा राग. ह्यांनी रूपालीचा फोन घेतला, सुयशचा जुना व्हिडिओ लावला आणि पिंजऱ्याजवळ धरला. “हिमरू, ए हिमरू, ये रे जाड्या,” असा पोराचा आवाज आला. हिमरूनं मान वर केली, शीळ घातल्यासारखा आवाज काढला आणि ताटलीकडं जाऊन परत आला. खाल्लं काहीच नाही.

“स्पष्ट आहे,” हे म्हणाले. “विरह! ह्यानं अन्न सोडलंय. सुयश गेला आणि ह्याची जगण्याची इच्छाच गेली.”

रूपाली एकदम रडायला लागली. “म्हणजे मी एवढं करते ते त्याला पुरत नाही. हा जाणार काकू. माझ्या हातात जाणार.”

“अहो, पुरे आता!” मी म्हणलं. “त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय आणि तुम्हाला सिद्धांत सुचतायत! चला घरी.”

हे घरी आले, पितळी वजनं एकेक करून पुसली, पेटीत ठेवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “सुलेखा, मला खरंच कळंना झालंय गं. आयुष्यभर कमी वजन पकडलं, पण तिथं कुणीतरी चोर असायचा. इथं चोरच नाही.”

मग मला त्यांची दया आली. काय करता, नवरा आहे.

सोमवारी रूपालीला शाळेत जाणं भाग होतं, म्हणून हिमरू आमच्याकडं. सासूबाई दिवाणावर बसल्या होत्या, मी पिंजरा त्यांच्याजवळ ठेवला. थोड्या वेळानं बघते तर हिमरू त्यांच्या मांडीवर, पदरात, आणि त्या बोटांनी त्याला चाचपतायत.

“सुलेखा, ह्येची हनुवटी वली हाय.”

“पाणी प्यायला असंल, आत्याबाई.”

“पाणी नव्हं, लाळ हाय. आन मगाधरनं ऐकतीया, तोंडात घेतंय आन टाकतंय, घेतंय आन टाकतंय. भूक हाय त्येला. चावता येईना.” त्यांनी एका हातानं त्याची मान धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ओठ वर केला. “डोळ्यावर माझ्या जाळं हाय, तू बघ. दात कसं हायेत?”

मी वाकले आणि माझ्या तोंडून “अगं बाई!” निघालं. वरचे दोन दात एवढाले, आत वळलेले. खालचे तिरके होऊन वर आलेले. कात्रीची पाती एकमेकांवर चढावीत तसं झालं होतं.

“शेळी खाईना झाली की आमी आधी तोंड बघायचो,” सासूबाई म्हणाल्या. “बाजारात तर दात बघितल्याबिगर कुणी जनावराला हात लावत नाय. तुमी दोन दिस त्येचं पाय बघताय व्हय?”

ह्यांनी पिंजऱ्याकडं बघितलं, भिंगाकडं बघितलं आणि भिंग हळूच खिशात घातलं.

मी फोन केला, रूपाली अर्ध्या सुट्टीवर पळत आली.

“काय चारती गं ह्येला?” सासूबाईंनी विचारलं.

“सगळं मऊच देते आजी! गाजर किसून, काकडी सोलून, पोळी भिजवून. आधी सुयश नुसतं वाळलं गवत टाकायचा, ते मी बंदच केलं. म्हातारा झाला ना. आपण घरात म्हाताऱ्या माणसाला मऊ कालवूनच देतो की.”

“आन चावायला?”

“चावायला कशाला? म्हाताऱ्याला?”

सासूबाईंनी काळा गॉगल सावकाश माझ्याकडं वळवला. मी खाली बघितलं.

“पोरी, ह्या जातीचं दात मरस्तोवर वाढत असत्यात. उंदीर उगं लाकूड कुरतडतो व्हय? घासलं न्हाईत तर तोंडातच रान माजतं. मायेनं चारलंस तू, पर मायेनं दात झिजत नसत्यात.”

शहरात पक्षी-ससे बघणारे एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं आम्ही चौघं रिक्षातनं गेलो. मी, हे, रूपाली आणि चौथा हिमरू. डॉक्टरनी तोंड उघडलं आणि सासूबाई म्हणाल्या तेच सांगितलं, फक्त त्याची फी घेतली. दात कापले, घासले, दोन दिवस पिचकारीनं पातळ खाणं भरवायला सांगितलं आणि मग वाळलं गवत, भरपूर, दिवसरात्र. गवत कडुबानं आणून दिलं.

त्या आठवड्यात हे रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सातला काटा घेऊन समोरच्या दारात उभे. एकही सिद्धांत नाही, नुसतं वजन. मंगळवारी आठशे बासष्ट. बुधवारी आठशे साठ. गुरुवारी सकाळी हिमरूनं स्वतःहून एक काडी तोंडात घेतली आणि करकर करकर आवाज करत संपवली. ह्यांनी टोपी काढली. संध्याकाळी आठशे सदुसष्ट भरलं. आकडा मोठ्यानं वाचता वाचता ह्यांनी डोळे पुसले, कचरा गेला म्हणाले. आमच्या घरी त्याच दिवसापासून खिचडी बंद, ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी सुरू.

शनिवारी सुयश आला. पाठीवरची बॅग उतरवायच्या आधीच रूपालीनं सगळं सांगून टाकलं, दारातच. “मी तुझ्या हिमरूला उपाशी मारत होते रे. रोज हातानं भरवून उपाशी मारत होते. तुझ्यापासून लपवलं.”

पोरगं आत आलं. बॅग टाकली, फतकल मारून बसलं आणि हिमरूला छातीशी धरलं. बरगड्यांवरून हात फिरवला. मग म्हणालं, “आई, मीही तुला गवताचं काहीच सांगून गेलो नाही. मला वाटलं, तुला माहीतच असंल.” आणि दोघंही रडायला लागले. मी आणि हे दारात उभे, आत यावं की जावं ते कळंना.

तेवढ्यात करकर आवाज यायला लागला. सुयशच्या नव्याकोऱ्या जॅकेटची नाडी हिमरूच्या तोंडात होती. पुण्याला जाताना रूपालीनं चार दुकानं फिरून ते जॅकेट घेतलं होतं आणि घालायच्या आधीही हात धुवायला लावले होते. सुयश दचकून नाडी ओढायला गेला.

रूपालीनं त्याचा हात धरला.

“राहू दे,” ती म्हणाली. “चावू दे त्याला. ही संपली की दुसरी बाजू दे.”