अठरा नगांचा नफा

खरेदी कशी करावी हे कुणाला शिकायचं असेल तर त्याने सरळ माझ्याकडे यावं! लग्नाला बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत मी सात गिटारी, चार ॲम्प्लिफायर, तीन कीबोर्ड, एक अकॉर्डियन, एक सॅक्सोफोन, एक साउंड मिक्सर आणि ड्रमचा एक आख्खा संच घरात आणला. मोजा, अठरा नग होतात. आणि या अठरा नगांवरून आमच्या घरात एकदाही भांडण झालं नाही! आहे कुणाची छाती?

युक्ती अगदी साधी होती. दुकानातून निघताना किमतीतलं शेवटचं शून्य दारातच सोडून यायचं. बावन्न हजारांची गिटार घरी पोचेपर्यंत पाच हजार दोनशेची व्हायची. सत्तर हजारांचा अकॉर्डियन सात हजारांना! "दुकान बंद होतंय गं, अक्षरशः फुकटात देत होता," असं म्हटलं की बायको "बरं झालं" म्हणायची आणि वहीत लिहून ठेवायची. मला काय माहीत ती वही कधी उघडली जाणार आहे!

वाद्यं वाजवता किती येतात, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. मुद्दा जागेचा होता. हे सगळं स्वयंपाकघरामागच्या खोलीत कोंबलेलं होतं आणि त्या खोलीत आता माणूस शिरायचं म्हटलं तर आडवं होऊन शिरावं लागायचं. बायको घरून पुस्तकांची मुद्रितं तपासते. बसायला जागा नाही म्हणून ती पॅसेजमध्ये इस्त्रीच्या फळीवर कागद पसरून काम करायची. समोरून कुणी गेलं की फळी हलायची आणि तिची रेघ वाकडी जायची.

एक दिवस तिने लाल पेन फळीवर आपटलं.

"अहो, बारा वर्षं मी उभ्याने काम करतेय. मला एक टेबल आणि एक दार हवंय. दार लावून घेता आलं पाहिजे. बस्स, एवढंच."

आवाज चढवला नव्हता, पण डोळ्यांत पाणी होतं. मला एकदम अपराध्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "महिन्याभरात खोली तुझी! सगळं विकतो. विक्रीतही माझा हात कुणी धरणार नाही, बघच तू!"

आणि खरंच धरला नाही! जाहिरात टाकली आणि गिऱ्हाइकांची रीघ लागली. बायको चहा घेऊन आली तेव्हा पहिलं गिऱ्हाईक बावन्न हजारवाल्या गिटारीची तार छेडत होतं.

"अठ्ठावीस देतो," तो म्हणाला.

"एकतीस. एक पैसा कमी नाही."

"हजार?" बायकोने विचारलं.

त्याने एकतीस हजार मोजले, गिटार पाठीला लावली आणि गेला. बायको माझ्याकडे बघतच राहिली.

"अहो, ही तर पाच हजार दोनशेची!"

इथे मी खरं सांगायला हवं होतं. पण तिच्या नजरेत असं काही कौतुक होतं की काय सांगू! बारा वर्षांत तसं बघितलं नव्हतं तिने माझ्याकडे. मी कॉलर नीट केली आणि म्हणालो, "पारख लागते."

झालं! दोन दिवसांत ही बातमी सासुरवाडीला पोचली. मेहुणी म्हणाली, भावोजींना नोकरी सोडायला सांग. सासऱ्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच मला स्वतःहून फोन केला आणि "जावईबापू, जरा सल्ला हवा होता," म्हणाले. जावईबापू! आत्तापर्यंत मी "तो" होतो. सल्ला दिला मी. खणखणीत दिला.

महिन्याभरात अठराच्या अठरा नग गेले आणि तीन लाख पंचावन्न हजार जमा झाले. त्यात खोलीचं गळकं छप्पर, फरशी, खिडकी आणि दार झालं. एक लाख दहा हजार उरले, ते टेबल, खुर्ची आणि पुस्तकांच्या कपाटासाठी. बायकोने भिंत स्वतः मोजली, सुताराला चित्र काढून दिलं. रोज दोनदा त्या रिकाम्या खोलीत जाऊन ती दार लावून बघायची. आतून कडी घातल्याचा आवाज आला की मलाही बरं वाटायचं.

आणि मग कर कार्यालयाचं पत्र आलं. एका महिन्यात अठरा नग विकलेत, तर आपण व्यापारी आहात काय? खरेदीच्या किमतींसह समक्ष हजर राहावे.

"पाच मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो. आणि होतंच! घेतल्यापेक्षा स्वस्तात विकलं की कर नाही, एवढं मला ठाऊक होतं. सगळ्या खऱ्या पावत्या ऑफिसच्या खणात जपून ठेवल्या होत्या. त्या पाकिटात घालायच्या, साहेबांच्या पुढ्यात ठेवायच्या, नमस्कार करून बाहेर पडायचं.

"मीही येते," बायको म्हणाली.

"तू कशाला? तिथे रांगा असतात."

"माझ्याकडे वही आहे ना!"

माझ्या तोंडचं पाणी पळालं. वाटेत मी तिला तीनदा परत पाठवायचा प्रयत्न केला. गॅस चालू राहिला असेल म्हणालो, तर ती म्हणाली, "बंद केलाय, दोनदा बघितलाय." मुद्रितं तपासणाऱ्या बाईला असलं काही सांगू नये.

कर अधिकारी साठीकडे झुकलेले होते. चष्मा कपाळावर, समोर फायलींचा ढीग. त्यांनी कोरा तक्ता पुढे ओढला.

"खरेदी किमती सांगा."

मी तोंड उघडायच्या आत वही उघडली! "गिटार, पाच हजार दोनशे. अकॉर्डियन, सात हजार. सॅक्सोफोन, तीन हजार नऊशे..." बायको खड्या आवाजात वाचत होती. प्रत्येक आकड्यानंतर अभिमानाने माझ्याकडे बघत होती. मी खिशातल्या पाकिटावर हात दाबून बसलो होतो.

"एकूण बासष्ट हजार," साहेब म्हणाले. "विक्री तीन लाख पंचावन्न. म्हणजे नफा दोन लाख त्र्याण्णव हजार." चष्मा कपाळावरून नाकावर आला. "तीस वर्षं इथे बसतोय. एवढा नफा सोनारसुद्धा दाखवत नाही हो!"

"ह्यांना पारख आहे," बायको म्हणाली.

"असणारच. मग हा धंदाच झाला. धंद्याची नोंदणी?"

"नाही," मी पुटपुटलो.

"मग कर अधिक दंड." साहेबांनी बराच वेळ कॅल्क्युलेटरची बटणं दाबली. "एक लाख चार हजार."

बायकोने शांतपणे पर्समधून फोन काढला.

"कुणाला लावतेस?"

"सुताराला. टेबल रद्द करते." तिने मला समजावल्यासारखं दंडावर थोपटलं. "अहो, असू दे. फळी आहे की अजून. नियमाप्रमाणे असेल ते भरलंच पाहिजे. तुम्ही एवढं कमावलंत, मी आणखी थोडे दिवस उभी राहिले तर काय बिघडलं?"

तिने चिडचिड केली असती ना, तर मी शपथेवर सांगतो, तो कर भरून मोकळा झालो असतो! पण ते थोपटणं मला सहन होईना. माझा हात आपोआप खिशात गेला. पाकीट बाहेर आलं. मी ते टेबलावर ठेवलं आणि खिडकीबाहेर बघायला लागलो.

साहेबांनी पावत्या काढल्या आणि वाचायला सुरुवात केली. मनातल्या मनात वाचायची पद्धत त्या कार्यालयात नसावी!

"गिटार, बावन्न हजार. अकॉर्डियन, सत्तर हजार. सॅक्सोफोन, एकोणचाळीस हजार..."

बायको वहीतल्या एकेका आकड्यावर बोट ठेवत होती. चौथ्या पावतीला तिने पर्समधून लाल पेन काढलं. पाचव्यापासून ती साहेबांच्याही आधी प्रत्येक आकड्यापुढे एक शून्य वाढवायला लागली आणि एकही चुकलं नाही.

"एकूण सहा लाख वीस हजार," साहेब म्हणाले. "तोटा दोन लाख पासष्ट हजार. अभिनंदन! कर नाही, दंड नाही."

मी सुटकेचा नि:श्वास टाकणार होतो, पण बायकोकडे बघून आवरला.

"बारा वर्षं," ती हळूच म्हणाली. "लोकांच्या पुस्तकातली एक वेलांटी माझ्या नजरेतून सुटत नाही. आणि घरातली अठरा शून्यं सुटली."

"अगं, पण टेबल राहिलं ना..."

"टेबल राहिलं. दारही राहिलं. आतून कडीही आहे." तिने वही मिटली आणि साहेबांकडे वळली. "साहेब, एक विचारू? घरात विकण्यासारखी अजून एक वस्तू आहे. बारा वर्षं वापरलेली."

"आवाज करणारीच का?"

"फार!" तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि मला डोक्यापासून पायापर्यंत नीट बघितलं.

"खरेदीची पावती?"

"नाही हो. घरच्यांनी गळ्यात बांधली होती. फुकट."

"मग जेवढे येतील तो सगळा नफाच धरावा लागेल."

"अगं बाई! म्हणजे कर बसेल?"

साहेबांनी आणखी एकदा माझ्याकडे बघितलं आणि फाईल बंद केली.

"घाबरू नका, मॅडम. कर बसण्याइतके नाही येणार."