कम्प्युटरला लागलेली गोचीड

व्याही धुळाजींनी चहाची बशी ओठाला लावली आणि समोरच्या कम्प्युटरवर एक बाई आली. कुणी बोलावली नव्हती. गुलाबी साडी, मोकळे केस, आणि पायाशी बोटभर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, 'एकटे आहात का? बोला सुमनशी.'

धुळाजींची बशी हवेतच राहिली.

"जावाईबापू डूटीवर गेल्ते ना?" त्यांनी विचारलं, पण नजर सुमनवरून हलवली नाही.

"हाव. जालन्याला," असं म्हणत गोपिकाबाई उठल्या, खुंटीवरची घोंगडी ओढली आणि कम्प्युटरवर टाकली. काळी, जाड, मेंढीच्या लोकरीची घोंगडी. तिच्यातून पावसाचा थेंब आत येत नसे, पण सुमनचा उजेड मात्र काठाकाठानं बाहेर येत राहिला.

"चालू द्या, इहीणबाई," धुळाजी चहाचा घोट घेत म्हणाले, "आमच्या घरी न्हाई अशी सोय."

हे वाक्य गोपिकाबाईंच्या काळजात बाभळीच्या काट्यासारखं मोडून बसलं. हसनाबादेत त्या घराला लोक गोपिकाबाईचं घर म्हणत, मेलेल्या नवऱ्याच्या नावानं कुणी ओळखत नसे. कोणती शेळी विकायची आणि सुनेनं माहेरी किती दिवस राहायचं, हे सगळं त्या ठरवत. आणि आज त्यांच्याच बैठकीत, त्यांना न विचारता, एक परकी बाई मोकळ्या केसांनी येऊन बसली होती.

संध्याकाळी लेक परमेश्वर जीपमधून उतरला तेव्हा त्याचा डबा अजून हातातच होता.

"हे भांडं कुनी आनलं घरात?"

"माय, तीन वर्षं झाली. कंपनीनं जुने काढून टाकले, मी एक उचलला. छकुलीच्या अभ्यासाला."

"अभ्यासात सुमन हाय का?"

परमेश्वरनं घोंगडी वर करून पाहिलं आणि पटकन खाली सोडली. तो बियाण्याच्या कंपनीत क्लार्क होता. आईसमोर त्याचा आवाज वयाची चाळिशी उलटली तरी चौथीतल्या पोरासारखा व्हायचा. "जाहिरात हाय ती. काहीतरी चुकीचं दाबलं की घुसते अन् मंग निघत न्हाई. जालन्याला एक जन साफ करून देतो. सातशे घेतो."

"फुकट आनलेल्या भांड्याला सातशेची दवा! तेवढ्यात साऱ्या शेळ्यायच्या गोचिडी निघून वर गूळ यील घरात. धर्मराजला बलाव."

धर्मराज गावातल्या पाण्याच्या मोटारी बांधून द्यायचा. "कम्प्युटर म्हंजी काय काकू, शेवटी वायरीच," असं म्हणून तो दोन भाकरी आणि ठेच्याच्या बोलीवर बसला. नेटवरून त्यानं साफसफाईचं एक औषध उतरवून घेतलं. बिलकुल फुकटचं. भाकरी संपेपर्यंत औषध आत गेलं आणि धर्मराज हात धुऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन होतीच. तिच्या शेजारी एक टकला डॉक्टर गुडघ्याचं तेल घेऊन उभा होता. आणि दोघांच्या डोक्यावर ते साफसफाईचं औषध स्वतःच लाल दिवा लावून कोकलत होतं, 'तुमच्या कम्प्युटरमध्ये ४१२ धोके आहेत! पैसे भरा!'

"चारशे बारा?" छकुलीनं वाचून दाखवल्यावर गोपिकाबाई म्हणाल्या. "येवढे नालायक तर साऱ्या भोकरदन तालुक्यात न्हाईत."

कोपऱ्यात फुली होती. त्यांनी छकुलीला ती दाबायला लावली. एक खिडकी मिटली आणि दोन उघडल्या. धर्मराजला पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी भाकरी नव्हती, त्यामुळे तो दारातूनच पाहत म्हणाला, "साफ करायला आनलेलाच घरात घुसून बसला की काकू."

"बसवला कुनी?"

"ते जाऊ द्या. पन एक सांगू का? तेला वास लागतो. घरातलं मानूस जे हुडकतं, तेच हे भांडं दाखवतं. तुमी चप्पल हुडकली की चार दिवस चपलाच येतेत."

गोपिकाबाईंनी डोळे बारीक केले. "मंग सुमन कुनी हुडकली?"

"ती सरसकट साऱ्यायकडं येते," धर्मराज घाईनं म्हणाला. मागे परमेश्वर उभा होता. "तिला हुडकावं लागत न्हाई. बाकीचं मात्र घरातलंच असतंय."

धर्मराज गेला, पण गोपिकाबाईंच्या हातात त्यानं दोरी देऊन ठेवली. त्यांनी सारा जन्म मेंढरांमागे आणि आता शेळ्यांमागे काढला होता. गोचीड कळपात आपोआप जन्मत नाही, ती कुणाच्या तरी अंगावर बसून येते, आणि ज्या शेळीच्या अंगावर आली तिला आधी हुडकून बाजूला बांधायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं. कम्प्युटर साफ करायचं त्यांनी पुढे ढकललं. आधी शेळी सापडायला हवी होती.

दुपारी सगळे बाहेर गेले की त्या दार लोटून कम्प्युटरसमोर बसू लागल्या. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. एकेक अक्षर बोटानं पकडायचं, त्याला पुढच्या अक्षराला बांधायचं, असं करत त्या वाचत. पहिल्या दिवशी पोट कमी करायची पावडर निघाली. तो परमेश्वर. दुसऱ्या दिवशी केसगळतीचं तेल. ती सून प्रेमला. तिसऱ्या दिवशी एक दाढीवाला बाबा आला, 'हट्टी सासू चोवीस तासांत वश!' हे त्यांनी दोनदा वाचलं. राग आला, पण त्याहून जास्त त्यांना त्या बाबाची कीव आली.

चौथ्या दिवशी दोन जाहिराती एकाखाली एक आल्या. वरची, 'संभाजीनगरात दोन खोल्यांचा फ्लॅट. लिफ्ट, पाणी, शाळा जवळ.' खालची वाचायला त्यांना चहा निवेपर्यंत वेळ लागला. 'आई-वडिलांसाठी मायेचे घर. राहणे, जेवण, भजन, डॉक्टर. आजच विचारा.' चित्रात सात-आठ म्हातारी माणसं एकसारख्या पांढऱ्या कपड्यांत ओळीनं बसली होती, बाजारात विकायला बांधल्यासारखी.

दोन खोल्या तिघांना, आणि मायेचं घर आपल्याला. गोपिकाबाईंचा हिशेब एका दमात जुळला.

ओरडतील तर त्या गोपिकाबाई कसल्या? त्यांनी कडुनिंबाखाली तीन विटा मांडल्या आणि संध्याकाळी वेगळी चूल पेटवली. गावात घरातली म्हातारी अंगणात वेगळी चूल मांडते, तेव्हा तिला दवंडी द्यावी लागत नाही. धूर आपोआप गल्लीभर सांगत फिरतो. पाचव्या मिनिटाला शेजारच्या नंदाबाई पीठ मागायला आल्या. रिकामं भांडं त्या घरीच विसरल्या होत्या.

"काहून वो गोपिकाबाई, हितं?"

"सवय करून राह्यले," गोपिकाबाई म्हणाल्या. "पुढं कुठं कसं खावं लागतंय, कुनाला ठावं."

नंदाबाईंना तेवढं पुरेसं होतं. त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत न थांबता गेल्या.

अडचण भाकरीची झाली. सून आल्यापासून सोळा वर्षांत गोपिकाबाईंनी पिठाला हात लावला नव्हता. पहिली भाकरी थापतानाच फाटली, दुसरी एका बाजूनं कोळसा आणि दुसऱ्या बाजूनं पीठ राहिली. प्रेमला दारात उभी राहून पाहत होती.

"आत्याबाई, मी टाकते ना दोन. सोडा."

"तू नको. तुला सामान बांधायचं असंल."

प्रेमलाचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा गोपिकाबाईंनी बराबर टिपला, आणि ती कच्ची भाकरी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. रात्रभर पोट दुखलं, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

धूर प्रेमलाच्या माहेरापर्यंतही पोहोचला. दुसऱ्या दिवशी, रविवारी, धुळाजी सकाळच्या पहिल्याच जीपनं हजर. त्यांना बैठकीत बसवलं गेलं. घोंगडीखाली सुमन तेवत होती.

"इहीणबाई, गावात काय बोलून राह्यलेत लोकं? माही पोरगी सासूला उपाशी ठिवती म्हनं."

"उपाशी नव्हं," गोपिकाबाई म्हणाल्या, "तुमची पोरगी मला आश्रमात धाडायली. अन् माहा लेक पिशवी धरायला संगं जायला."

"कोनता आश्रम?" परमेश्वर आणि प्रेमला एकदमच म्हणाले.

गोपिकाबाईंनी घोंगडी ओढून काढली. त्यांचं नशीब असं की या वेळी कम्प्युटरनं त्यांना साथ दिली. पांढऱ्या कपड्यांतली म्हातारी माणसं ओळीनं बसलेली, खाली मायेचं घर.

"वाचा. मी आडानी असंल, पन येवढं मपल्याला वाचता येतंय. घरात कुनी हुडकल्याबिगर हे येत न्हाई. धर्मराजनं सांगितलंय."

"माय, तुही शपथ, मी न्हाई हुडकलं."

"मी बी न्हाई," प्रेमला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"मंग काय शेळीनं हुडकलं?"

"आज्जे," दारातून छकुली म्हणाली, "तूच हुडकाय लावलं व्हतं."

सगळे तिच्याकडे वळले. छकुली दहावीत होती आणि विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण उत्तर द्यायची तिला सवय होती.

"पोळ्याच्या दिवशी. पुरनपोळी गार वाढली म्हनून तू चिडली व्हती. म्हनली, छकुले, हुडक गं एखादा आश्रम, तिथं तरी गरम भेटती का बघू. मी म्हनलं जाऊ दे, तर तू म्हनली, न्हाई, आत्ताच हुडक, अन् तुह्या मायला ऐकू जाईल असं मोठ्यानं वाच. मंग तिथं एक खिडकी आली, तू म्हनली हिरवं बटन दाब, हिरवं असलं की चांगलं असतंय. मी दाबलं. त्याच्यानंतरच सुमन आली."

गोचीड ज्या अंगावर बसून आली होती ते अंग गोपिकाबाईंचंच निघालं. धुळाजींनी आधी मिशीवर हात ठेवला, मग पूर्ण तोंडावर, पण खांदे हलायचे ते हललेच.

"इहीणबाई," ते गुदमरत म्हणाले, "मंग वर्दी तुमीच दिल्ती की!"

प्रेमलालाही हसू फुटलं. परमेश्वर हसला. छकुलीनं सगळे हसतात म्हणून हसून घेतलं. घरात इतके जण एका वेळी हसल्याचं गोपिकाबाईंना कित्येक वर्षांत आठवत नव्हतं, आणि ते त्यांना हसत होते. त्यांनी पदर नीट केला. हसणं ओसरायची वाट पाहिली.

"बरं," त्या म्हणाल्या. "आश्रम मी हुडकला. संभाजीनगरचा फ्लॅट कुनी हुडकला?"

हसणं मध्येच तुटलं. प्रेमलानं परमेश्वरकडे पाहिलं. परमेश्वरनं जमिनीकडे.

"माय, बदली हाय. जूनपासून. छकुलीची अकरावी बी तिथंच व्हईल. सांगनार व्हतो तुला."

"कधी? टेंपो दारात लागल्यावर?"

"तुमी शेळ्या सोडून येनार हायेत का, आत्याबाई?" प्रेमला म्हणाली. आवाज कापत होता, पण ती बोलली. "तिथं लिफ्टमंदी शेळ्या नेता येत न्हाईत."

"येनार का न्हाई ते माहं मी बघितलं असतं. तू इचारलं का?"

धुळाजी जीपची वेळ विचारू लागले.

"खोल्या किती?" गोपिकाबाईंनी लेकाला विचारलं. त्यांना ठाऊक होतं. आदल्या दिवशीच त्यांनी तो आकडा बोटाखाली धरून वाचला होता. तरी त्यांना तो त्याच्या तोंडून ऐकायचा होता.

"दोन," परमेश्वर म्हणाला.

यापुढे विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. परमेश्वर खाकरला. "येत्या शनवारी जालन्याहून त्या मानसाला आनतो. सातशे जाऊ दे. साफ करून टाकू हे सगळं."

"हात लावू नको," गोपिकाबाई म्हणाल्या. "ह्या घरात मला खरं सांगनारं तेवढंच एक हाय."

जूनमध्ये टेंपो आला. कपाट गेलं, गादी गेली, शिलाई मशीन गेली. कम्प्युटर जुना म्हणून राहिला. विटांची चूल गोपिकाबाईंनी मोडली आणि प्रेमलाच्या ओट्यावर भाकरी थापायला घेतली. आता ती फाटत नव्हती. दर रविवारी लेकाचा फोन येई. जेवली का, शेळ्या कशा आहेत, येतो पुढच्या महिन्यात. फोनवर सगळं बराबर असायचं.

दुपारी त्या दार लोटून बसत. छकुलीनं जाताना सुरू करायचं बटन दाखवून ठेवलं होतं. पण घरात हुडकणारं कुणी राहिलं नाही, तसा भांड्यालाही वास येईनासा झाला. पोटाची पावडर गेली, केसांचं तेल गेलं, तो बाबाही हट्टी सासूची आशा सोडून निघून गेला. फ्लॅट तर कधीच गेला होता. एका दुपारी पडदा बराच वेळ नुसताच पांढरा राहिला, आणि मग कुणी न बोलावता सुमन आली. तीच गुलाबी साडी, तेच मोकळे केस.

गोपिकाबाईंनी बोट टेकवलं. "ए-क-टे आ-हा-त का."

बाहेर शेळ्या ओरडत होत्या.

"न्हाई," गोपिकाबाई पडद्याकडे पाहत ठसक्यात म्हणाल्या. "चौदा शेळ्या हायेत मपल्या."

फुली कोपऱ्यातच होती. त्यांनी तिला हात लावला नाही. पाट पुढे ओढून घेतला.

"केस बांध आधी," त्या म्हणाल्या. "अन् मंग सांग, कुन्या गावची तू?"