डाव्या पायाचा बूट

चित्रकलेच्या सरांनी वर्षाच्या सुरुवातीची सगळी चित्रं जपून ठेवली होती, आणि जपून ठेवण्याची सरांची जागा म्हणजे बेसिनखालचं कपाट. तिथे कुणाचा हात जात नाही, असं ते म्हणायचे. हात गेलाही नाही, पाणी गेलं. सुट्टीत नळ गळत राहिला आणि शाळा उघडल्यावर सरांना कपाटात नुसता लगदा मिळाला.

एरवी त्यांनी तो मुकाट्याने टाकून दिला असता. पण त्याच दुपारी मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वर्गाची प्रगती बघायला येणार होत्या. प्रत्येकाने वर्षाच्या सुरुवातीला आपल्या बुटाचं चित्र काढलं होतं आणि आता पुन्हा काढलं होतं. भिंतीवर खालच्या रांगेत 'तेव्हा', वरच्या रांगेत 'आता'. फरक दिसला तर चित्रकलेचा तास राहणार, नाहीतर तो गणिताला जाणार. गणिताच्या बाईंनी तर खोलीच्या पडद्यांचं मापही घेऊन ठेवलं होतं.

सरांनी मुलांना विश्वासात घेतलं आणि बूट पुन्हा तेव्हासारखा काढायला सांगितला. मुलं कामाला लागली आणि सरांच्या तोंडचं पाणी पळालं. एकाला सावली दिल्याशिवाय राहवेना. एकीने टाच वाकडी काढली, पण तिलाच ती बघवेना म्हणून पुसून टाकली.

"सर, हातच ऐकत नाही," मॉनिटर रडकुंडीला येऊन म्हणाला.

वर्षभर ज्या हातांना वळण लावलं, ते आता वळण सोडायला तयार नव्हते. सरांना आनंदही झाला आणि घामही फुटला.

शेवटी सगळ्यांच्या नजरा भिंगरीकडे वळल्या. ही मुलगी एका जागी बसेल तर शपथ. तिचा बूट सुरुवातीला बटाट्यासारखा होता आणि कालपर्यंत बटाटाच राहिला होता. सगळ्यांचे बूट तूच काढ, असं सरांनी तिला सांगितलं. आजवर तिच्याकडे कुणी चित्र मागितलं नव्हतं. तिने पायातला बूट काढून बाकावर ठेवला आणि मधली सुट्टी संपली तरी मान वर केली नाही. ती एकेक कागद पुढे सरकवायची आणि सर न बघता तो भिंतीला टाचायचे.

मोठ्या बाईंनी वरची रांग बघून मान डोलावली. मग चष्मा लावून त्या खालची रांग बघत दारापासून खिडकीपर्यंत फार सावकाश चालत गेल्या.

"सर, या वर्गात सगळ्यांना डावाच पाय आहे का? आणि नाडीही सगळ्यांची तुटलेली?"

सरांनी कपाटापासून सगळं सांगून टाकलं. बाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर भिंतीवरच होती. दाराजवळ बटाटा होता. मधे कुठेतरी त्याला टाच फुटली होती, मग चामड्याच्या सुरकुत्या आल्या होत्या. खिडकीजवळचा बूट तर सरळ पायात घालावा असा होता.

"या खालच्या रांगेचा मालक कोण?" बाईंनी विचारलं.

भिंगरीने हात वर केला. तिच्या एका पायात बूट होता, दुसऱ्यात मोजा.

"तास राहील," बाई सरांना म्हणाल्या. "कपाट तेवढं बदला."

त्या गेल्यावर भिंगरी वरच्या रांगेतल्या आपल्या बटाट्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग खिडकीजवळ गेली.

"सर, माझा 'आता' चुकून खाली लागलाय. वर घेऊ का?"

 सर तिच्यासाठी खुर्ची आणायला गेले.